अडतिसाव्या किलोमीटरला

पाच तास, एकोणीस मिनिटं, चार सेकंद.
निकालाच्या कागदावर माझ्याखाली फक्त सहा नावं,
आणि त्यांच्याही खाली, एक रेघ मारून,
ज्यांना वेळच नाही ते.

तोर्शाव्हनच्या बंदरापाशून सुटलो तेव्हा ऊन होतं.
आमच्या बेटांवर उन्हाला कुणी भुलत नाही.
खाडीच्या वळणाला वारा आला तो समोरूनच.
वाटलं, परतताना तरी पाठीशी असेल,
तर तोही वळला होता, मेला.

मी मासे कापते. क्लाक्सविकच्या कारखान्यात एकवीस वर्षं
सरकत्या पट्ट्यापाशी उभी.
उभं राहणं मला कुणी शिकवू नये.
गार पडलेल्या बोटांनी काम कसं करायचं, तेही.
पण पळणं म्हणजे चाळिशी उलटल्यावर घेतलेलं खूळ,
आधी बोगद्याच्या तोंडापर्यंत, मग चर्चपर्यंत,
मग एके दिवशी मुलगी म्हणाली,
"होतीस कुठे, आई? बटाटे करपले."

सव्विसाव्यापासून माझ्यापुढे एक माणूस होता.
नारिंगी मोजे. डावी टाच जरा बाहेर फेकायचा.
बारा किलोमीटर मी त्या टाचांना धरून पळाले,
धुक्यात कुंपणाच्या तारेला हात लावत
घरी यावं तशी.
तिसाव्याला पोटऱ्यांत गोळे आले.
बत्तिसाव्याला मी देवाशी भांडले.
चौतिसाव्याला कुणीतरी केळ्याचा तुकडा हातात कोंबला,
तो तसाच मुठीत, लगदा होईतो.
नारिंगी, नारिंगी, नारिंगी.

अडतिसाव्याला तो बसला.
पडला नाही, बसला,
रस्त्याकडेच्या दगडावर, जणू बस यायचीय.
मी पाहिलं. त्यानंही पाहिलं.
आणि मी गेले पुढे.

लोक म्हणतात, बरोबर केलंस,
मागून शंकू गोळा करणारी गाडी येतच होती,
तिच्यात दोन पोरं होती, पाणी होतं, घोंगडी होती.
सगळं खरं.
पण मी काही हिशेब करून गेले नाही.
थांबले असते तर पाय पुन्हा उचलले नसते, एवढंच.
थांबण्यापुरताही दम
उरला नव्हता माझ्याकडे.

पदक मुलीनं खिडकीच्या कडीला अडकवलंय,
वाऱ्यानं काचेवर वाजतं.
दोन नखं काळी पडली, एक गळालं.
रेघेखालचं नाव मी शोधून काढलं:
यालग्रिम, वय एकसष्ट.
त्याच गुरुवारी दुकानात दिसला,
दुधाच्या कपाटापाशी, लंगडत.
मी म्हटलं, मी तुमच्या मागे होते.
"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुमचा श्वास.
केवढा आवाज करता हो!
त्याला घाबरूनच इतका लांब आलो मी."
आणि दूध घेऊन गेला.
माफ केलं की नाही, कळलं नाही.

तर पुढच्या वर्षाचं ठरलंय.
भरती-ओहोटीच्या तक्त्यामागे पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
मंगळवारी चढ, वरच्या तळ्यापर्यंत, सहा वेळा.
गुरुवारी पाळी संपल्यावर दहा, हळू.
रविवारी लांब. ऑक्टोबरपासून कपाळाला दिवा बांधून.
मेंढ्यांचे डोळे चमकतात, दचकायचं नाही.
बूट अर्ध्या मापानं मोठे.
केळं मुठीत नाही, तोंडात.
पाच तासांच्या आत
(हे लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, बारीक).

आणि एक सराव, कुणीच न सांगितलेला:
पंचविसाव्याला, पाय पेटलेले असताना,
मुद्दाम थांबायचं.
दगडावर बसायचं. शंभर मोजायचे.
आणि उठायचं.

परवा, सप्टेंबर सरताना, पहिल्यांदा करून पाहिलं.
एकशे चाळीस मोजले गेले.
उठताना तोंडातून जो आवाज निघाला
त्यानं दोन मेंढ्या उधळल्या.
पण उठले.